‘कुठे’ न विचारणारा माणूस

डोळ्यांवर उजव्या हाताचा आडोसा करायचा, समोरून येणाऱ्या माणसाला नीट पाहून घ्यायचं आणि तो हाकेच्या टप्प्यात आला की विचारायचं, "दूरवर का?" ही आमच्या नानांची सवय. सावलीत उभे असले तरी त्यांचा हात कपाळाकडे जाई. माणूस ओळखीचा असो वा नसो, प्रश्नात बदल नाही. ऑफिसचा शिपाई लोटा घेऊन मागच्या पटांगणाकडे निघाला तरी नाना कागदातून मान वर करून विचारत, "दूरवर का?" शिपाई म्हणे, "नाही ना नाना, हे इथंच." मग नाना समाधानानं पुन्हा कागदात डोकं घालत.

एकदा जीपमध्ये चढणाऱ्या मोठ्या साहेबांनाही त्यांनी हेच विचारलं. साहेब म्हणाले, "खामगावला." नाना म्हणाले, "गाव मी इचारलं नोतं साहेब. तुम्ही सांगतलं, बरं झालं." साहेबांना ते उद्धट वाटलं. नानांच्या लेखी ती रीत होती. घरातून निघालेल्या माणसाला ‘कुठे चालला’ असं तोंडावर विचारलं की त्याचं काम होत नाही. त्याला आडून विचारायचं, मग त्याला वाटलं तर तो सांगतो. तुमच्याही घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी तुम्हाला हे सांगितलं असेल. माझ्या आईनं मला सांगितलं होतं. सरकारी कामालाही ते लागू असतं, एवढं मात्र ठाऊक नव्हतं, आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.

नाना बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या घरची माणसं आहेत, त्यांना विचारायला हवं आणि विचारायचं धाडस माझ्यात नाही. मागच्या हिवाळ्यात धामणगाव बढे भागात एका लग्नाच्या निमित्तानं जाणं झालं. वाटेत एका फाट्यावर चहाला थांबलो. तिथं बाकावरच्या एका गृहस्थानं मी जुना बांधकाम खात्यातला म्हटल्यावर सहज सांगितलं, "इथं येक ओव्हरसियर होता म्हनतेत आधी. पैसे खाल्ले अन् आमचा रस्ता इकला त्यानं." ज्यानं ते सांगितलं त्याचा तेव्हा जन्मही झाला नसेल. इतक्या वर्षांत एखादी गोष्ट अशी गावात मुरते की ती कोणी खोडून काढावी असंही कोणाला वाटत नाही.

तर खोडून काढायची ती आधीच काढतो. नानांनी रस्ता विकला नाही. तो रस्ता माझ्या एका वाक्यानं गेला. पण ते वाक्य नीट कळायचं तर नाना कळले पाहिजेत.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. कोणते रस्ते राज्यरस्ते म्हणून पक्के करायचे, कोणत्या गाडीवाटा त्यांना जोडायच्या, कोणत्या तशाच ठेवायच्या, याचा अभ्यास प्रत्येक तालुक्यात सुरू होता. मी पुण्याहून हंगामी अनुरेखक म्हणून आलो होतो. अनुरेखक म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड ठेवून तोच नकाशा पुन्हा काढणारा. नकाशे नसले की मिळेल ते काम करणारा. माझं सामान उतरवून घेताना नानांनी मला एकदा खालून वर पाहिलं आणि विचारलं, "पुण्याचा का?"

"हो."

"मंग तुले भाकर जमन का नाही? कळन्याची हाय."

ज्वारी-उडदाच्या पिठाची ती काळसर भाकर जमली. त्या दिवसापासून मी त्यांचा ‘पुणेकर’ झालो. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

नाना उंच, हाडापेरानं मोठे, आणि डोक्यावर जुनी सोला हॅट. हॅटच्या आत ओला रुमाल. दर तासाला तो रुमाल पिळून पुन्हा ठेवत आणि म्हणत, "डोकं थंड राह्यलं तं रस्ता सरळ येते." जीपची त्यांना भीती वाटे, वर कबूल करत नसत. "जीपमंधून मानूस दिसत नाही," म्हणत आणि सायकल काढत. सायकलवर बसताना एक हात हँडलला आणि दुसऱ्या हातात उघडी छत्री. छत्री वाऱ्यानं उलटी झाली की उतरून तिला समजावल्यासारखं बोलत.

रुसण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बेसनात मीठ कमी पडलं की ते दोन दिवस आचाऱ्याशी बोलत नसत. काही हवं असलं तर माझ्याकडे पाहून म्हणत, "पुणेकर, त्याले सांग, पानी दे." आचारी हातभर अंतरावर उभा असे.

एकदा पातळी मोजायची लांब लाकडी पट्टी नाल्यावर हरवली. वरून खुलासा मागितला. नानांचं अक्षर मोत्यासारखं आणि त्यांना त्याचा गर्व. त्या अक्षरात त्यांनी लिहिलं, ‘सदरहू पट्टी चिखलात उभी केली असता म्हैस पाठ घासण्यास आली व पट्टी शिंगात अडकवून घेऊन गेली. म्हशीचा मालक मिळून येत नाही.’ मी म्हटलं, "नाना, हे असं लिहायचं?" ते म्हणाले, "मंग कसं? म्हैस होती थे काई खोटं हाय का?" म्हैस खरोखरच होती. तिच्यामागे नाना छत्री घेऊन धावले होते आणि चिखलात बसले होते, तेवढं त्यांनी खुलाशातून वगळलं.

आम्हाला ज्या भागाचा अभ्यास करायचा होता तिथं दोन वाटा होत्या. दोन्ही त्याच फाट्यावरून निघून पुढे मलकापूरच्या सडकेला मिळत. खालची वाट काळ्या जमिनीतून, जवळची आणि सपाट. तिच्या दोन्ही बाजूंना एका मोठ्या जमीनदाराचा मळा. वरची वाट टेकड्यांच्या पायथ्यानं जाणारी पांधण. दोन्हीकडे शेतांचे बांध आणि मधून गाडीची चाकोरी. ती लांब, पण मुरमाची. चार लहान गावं तिच्यावर होती आणि मधे एक नाला. पावसाळ्यात नाला आला की पलीकडची गावं अडकून पडत. या दोहोंपैकी एकच वाट योजनेत जाणार होती. वरची गेली असती तर नाल्यावर मोरी, म्हणजे लहानसा पूल, झाली असती.

नानांची एकुलती एक मुलगी नाल्यापलीकडच्या पहिल्याच गावात दिलेली होती.

हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. आम्ही पांधणीत मोजणीची साखळी टाकत होतो. नाल्याच्या अलीकडे काम थांबलं आणि पलीकडून एक तरुण बाई डोक्यावर घागर आणि हातात तांब्या घेऊन आली. सगळ्या माणसांना तिनं पाणी दिलं. नाना सर्वांत शेवटी प्यायले. "ही माही पोरगी," ते म्हणाले. "मी हिच्या घरी सरकारी कामात जात नाही. हे येते." ती हसली. म्हणाली, "बाबा, भाकर तरी खाऊन जा." "आज साखळी हाये हातात," नाना म्हणाले. "पोळ्याले येईन."

ती गेल्यावर नाल्याकडे पाहत त्यांनी सांगितलं की पहिल्या बाळंतपणाला तिला आणायला ते बैलगाडी घेऊन आले होते. तिला घेऊन परत निघाले तर नाला भरलेला. दुपारपर्यंत काठावर बसले, मग पाणी थोडं उतरलं तसे गाडी घालून चाकाला धरून चालत पार झाले. मुलगी कडब्यावर निजलेली. "बैल थांबला ना मधात," नाना म्हणाले, "तवा म्या बैलाच्या पाया पडलो पुणेकर. पान्यातच." मग रुमाल पिळून हॅटमध्ये ठेवला. "येक मोरी. मले दुसरं काई नको ह्या सरकारपासून."

म्हणजे नानांना काय हवं होतं हे आम्हा सर्वांना माहीत होतं. साखळी धरणाऱ्यालाही.

दिवाळीनंतर, कापसाच्या गाड्या सुरू झाल्या तशी रहदारीची मोजणी लागली. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक माणूस टेबल टाकून बसायचा. वरून छापील पत्रकं आली होती. गाडी, सायकल, पायी माणूस, जे जाईल ते लिहायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, कोठून आला, कोठे चालला. खालच्या वाटेवर तिथल्याच एका गावचा माणूस बसवला. तो कोणालाच काही विचारत नसे. सगळ्यांना ओळखायचा, बसल्याबसल्या लिहून टाकायचा. वरच्या वाटेवर, पांधणीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली, मी. नाना पहिले काही दिवस खालच्या वाटेवर पातळ्या घेण्यात गुंतले होते.

मी पत्रकाप्रमाणे विचारू लागलो. पहिला आला तो बांगड्या विकणारा म्हातारा मन्यार, डोक्यावर पाटी. मी विचारलं, "कुठे चाललात?" तो थबकला. पाटी खाली उतरवली. खिन्नपणे माझ्याकडे पाहिलं. "टोक दिया ना बाबूजी आपने," तो म्हणाला. "शादी का घर है. अब वापस जाके, बैठके, पानी पीके निकलना पडेगा." आणि खरोखर पाटी उचलून परत गेला. अर्ध्या तासानं पुन्हा आला. मी त्याची पुन्हा नोंद केली. प्रत्येक फेरी लिहावी अशी पत्रकात सूचना होती.

मग बाया परतू लागल्या. सायकलवाले परतू लागले. एका कापसाच्या गाडीवाल्यानं भरली गाडी वळवली. पांधण अरुंद, गाडी वळवायला त्याला बैल सोडावे लागले. मला वाटलं, ते टोकणं लग्नकार्याला निघालेल्यांपुरतं असेल, बाकीची माणसं विसराळू दिसतात. घरी काहीतरी विसरून येतात.

एका सकाळी एक छकडा आला. त्यात फेटे बांधलेली चार-पाच माणसं आणि मधे नवा सदरा घातलेला एक लाजरा तरुण. मी विचारलं, "कुठे चाललात?"  पुढे बसलेला म्हातारा गाडीवानाला म्हणाला, "फिरव." गाडीवान म्हणाला, "काका, बैल आताच तं निंघाले." "फिरव म्हनलं ना. पोरगी पाह्याले जाऊन राह्यलो आपन, अन् यानं इचारलं."

तासाभरानं छकडा पुन्हा आला. मी पुन्हा विचारलं. काम होतं माझं. म्हाताऱ्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला. "ह्या मानसाच्या मनात आपल्या पोट्ट्याचं लगन होऊच द्याचं नाही," तो म्हणाला. छकडा वळला. तिसऱ्या खेपेला मात्र म्हाताऱ्यानं लांबूनच हात वर केला आणि ओरडून सांगितलं, "बाबू, तू काई बोलू नको. आमी आपल्या तोंडानं सांगतो. पोरगी घाटाखालची हाय, तिकडे चाललो, लिहून घे अन् उगा राय." मी लिहून घेतलं. त्या छकड्याची पत्रकात तिसरी नोंद झाली.

त्याच दिवशी दुपारी नाना सायकलवर आले. कडुनिंबाला सायकल टेकवून कपाळावर हात धरून पांधणीकडे पाहत उभे राहिले. समोरून दोन बाया येत होत्या, त्या मी विचारल्यावर वळल्या.

"पुणेकर, हे मानसं मांगं काऊन फिरून राह्यले बे?"

"काही विसरलं असेल, नाना."

"दोघी बी?"

"इथं सगळेच विसरतात."

नाना माझ्याजवळ आले. "तू काय इचारतं त्यायले?"

"कुठे चाललात. पत्रकात तसंच आहे."

नाना हसायला लागले. असा हसणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. आधी उभ्यानं हसले, मग कडुनिंबाला धरून, मग खाली बसून. हॅट पडली, ओला रुमाल धुळीत पडला, तोच डोळ्यांना लावला. "अरे बाप्पा," म्हणत होते, "समदी पांधण घरी धाडली यानं." मीही हसू लागलो. आणि मग ते एकदम थांबले.

"अन् मंग पानी पिऊन पुन्हा येतेत, तवा?"

"तेव्हा पुन्हा लिहितो."

नानांनी पत्रकं मागितली आणि तिथंच मांडीवर घेऊन वाचत बसले. वरच्या वाटेचे आकडे खालच्या वाटेच्या कितीतरी पुढे गेले होते. मोरी त्या कागदावर जवळजवळ बांधून झाली होती. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि त्या सुंदर अक्षरात बेरजा खोडून अर्ध्याहून कमी करायला सुरुवात केली.

"नाना, इतके नाही," मी म्हटलं. "सगळेच काही परतले नाहीत. जे खरे गेले तेही कापताय तुम्ही."

"माही पोरगी तिकडे हाय," ते म्हणाले. "माह्या हातून येक बी जास्त जायाले नको. आता कमी करून ठेवतो, अन् साहेबाले सांगून पुन्हा मोजनी लावतो. रीतीनं इचारून. तवा जे येईन थे येईन."

मला आजही वाटतं, रीतीनं मोजलं असतं तर वरची वाट पुढे आली असती. चार गावांचा कापूस तिच्यावरून उतरत होता.

मोठे साहेब डाकबंगल्यावर आले तेव्हा नानांनी पत्रकं पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. साहेबांना हसू आवरेना. त्यांनी सोबतच्या पाहुण्यांना आत बोलावलं आणि नानांना ते पुन्हा सांगायला लावलं. नानांनी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा हळू. साहेब म्हणाले, "म्हणजे तुमच्या जिल्ह्यात ‘कुठे’ म्हटलं की वाहतूक बंद?" पाहुणे टाळ्या देऊन हसले. नाना हॅट हातात धरून उभे होते. कडुनिंबाखाली ते स्वतः याच गोष्टीवर लोळून हसले होते. इथं त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, कारण मी जमिनीकडे पाहत होतो.

मग साहेब गंभीर झाले. पुन्हा मोजणी म्हणजे माणसं, दिवस, वर खुलासा. ते माझ्याकडे वळले. "तू होतास ना टेबलावर? खरंच माणसं परत जात होती?"

माझी नोकरी हंगामी होती. कायम करण्याची शिफारस साहेबांच्या सहीसाठी त्याच आठवड्यात जाणार होती. पत्रकं चुकली म्हणजे मी चुकलो, असं मला वाटलं. मी म्हणालो, "मी छापलं होतं तेच विचारलं, साहेब. परत फिरलेलं कोणी माझ्या पाहण्यात नाही."

हे ते वाक्य.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. खोलीत ऊन नव्हतं, तरी त्यांचा उजवा हात कपाळावर गेला आणि हाताच्या आडोशातून त्यांनी मला पाहिलं, जसं लांबून येणाऱ्या माणसाला पाहत. मग हात खाली घेतला. साहेब म्हणाले, "मग झालं तर. तुमची मुलगी तिकडे, आणि तुम्हीच आकडे कमी म्हणता, तर कमीच असतील. पुन्हा मोजणी नको, हे कमी केलेलेच वर जाऊ द्या." नाना म्हणाले, "बरं साहेब."

बाहेर व्हरांड्यात मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. मला वाटलं होतं, आता ते माझ्याशी महिनोन्‌महिने बोलणार नाहीत, आचाऱ्यामार्फत पाणी मागतील. बेसनातल्या मिठावर दोन दिवस रुसणारा तो माणूस यावर रुसला नाही. एवढंच म्हणाले, "साहेबाले म्या पुन्हा सांगतलं असतं. पन थो पुन्हा हासला असता. माह्या लोकायले कोनी हासावं म्हनून मी मानसं मोजत नसतो." मग विचारलं, "भाकर खाल्ली का तू?"

खालची वाट योजनेत गेली. कागदावरचे आकडे नानांनी स्वतःच्या हातानं खोडले, ही गोष्ट कशी कोण जाणे वरच्या गावांत पोचली. पातळ्या घेताना नानांनी जमीनदाराच्या मळ्यावर चहा घेतला होता, तीही पोचली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांची मोट लोकांनी बांधली. नानांच्या व्याह्यांनी पुढच्या दसऱ्याला त्यांना सोनं दिलं नाही. पुढे नाना पोळ्याला गेले की व्याही शेतात निघून जात. नाना ओट्यावर बसत, मुलगी पाणी आणून देई, ते पिऊन उठत. तरी जात राहिले. नाल्यात पाणी असलं की सायकल खांद्यावर घेत.

एकदा मी त्यांच्यासोबत होतो. मुलगी नाल्यापर्यंत पोचवायला आली आणि तिथं तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही खरंच कमी केले?"

"हाव."

"काऊन?"

"जास्त लागले होते."

"मंग लोकं म्हनतेत ते?"

नानांनी सायकल खांद्यावर घेतली. "लोकायले मोरी पाह्यजे होती माय. मले बी पाह्यजे होती." ती माझ्याकडे पाहू लागली. मी वाकून पाय धुवायला लागलो, पाय स्वच्छ असताना.

नाल्यावर मोरी झाली ती फार नंतर, दुसऱ्याच कुठल्या योजनेत. तोवर नाना सोनाळ्याकडे आपल्या गावी गेलेले होते आणि तिथंच वारले. त्यांची मुलगीही आता नाही. तिला सांगायचं राहिलं ते राहिलं.

मागच्या हिवाळ्यात त्या चहाच्या टपरीवर मात्र मी सांगितलं. बाकावरच्या सगळ्यांना, उभं राहून, आत्ता तुम्हाला सांगतोय तसं. मन्याराचं सांगितलं, छकड्याचं सांगितलं, डाकबंगल्यातलं माझं वाक्य सांगितलं.  टपरीच्या कोपऱ्यात खाटेवर एक म्हातारा बसला होता, टपरीवाल्याचा बाप. तो म्हणाला, "खरं हाय. फिरलो होतो आमी मांगं. दोन डाव." मग म्हणाला, "त्या छकड्यात मीच होतो ना. नवा सदरा मीच घातला होता."

टपरीवाला हसून म्हणाला, "अन् पोरगी?"

"हे काय," म्हाताऱ्यानं हनुवटीनं दाखवलं. चुलीपाशी त्याची बायको कप विसळत होती. तिनं मागं न पाहता म्हटलं, "मले आजवर सांगतलं नाही यायनं. उशिरा आले होते त्या दिवशी. माहे बाबा म्हनले, मानसं वेळेची नाहीत." सगळे हसले. ज्यानं रस्ता विकल्याचं मला सांगितलं होतं, तोही हसला आणि मग मान खाली घालून म्हणाला, "म्हंजे त्या मानसानं खाल्लं नोतं काई." मी म्हटलं, नाही. नाना त्या हसण्याला रागावले नसते असं मला वाटतं. ते त्यांच्या लोकांचं हसणं होतं.

आता एकच सांगायचं उरलं आहे.

नाना निवृत्त होऊन गावी निघाले तेव्हा मलकापूरच्या एसटी स्टँडवर पोचवायला मी गेलो होतो. मी तोवर कायम झालो होतो. वळकटी, ट्रंक, छत्री. सायकल टपावर चढवून बांधलेली. नाना खिडकीशी बसले. कंडक्टर दार लावत होता. काहीतरी बोललं पाहिजे होतं. इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो ते बोलायला मी खिडकीपाशी गेलो, आणि तोंडातून निघालं ते असं: "कुठे निघालात, नाना?"

ते सोनाळ्याला चालले आहेत हे मलाही ठाऊक होतं, सगळ्या स्टँडला ठाऊक होतं.

 नाना उठले, दार उघडायला लावलं आणि खाली उतरले. कंडक्टर वैतागला. "बाबा, आता सायकल बी उतरवाची का?"

"उतरव," नाना म्हणाले. "यानं इचारलं."

सायकल उतरली. ट्रंक उतरली. गाडी निघून गेली. आम्ही दोघं बाकावर बसलो. मी कँटीनमधून पाणी आणलं. नाना तांब्या उंच धरून, धार न तोडता, सावकाश ते पाणी प्यायले. तोंड पुसलं, हॅटमधला रुमाल पिळून पुन्हा ठेवला, आणि पाय लांब करून म्हणाले, "बस. दुसऱ्या गाडीले टाइम हाय. बोल."

मी बोललो. माझ्या पगाराबद्दल बोललो, खोलीच्या भाड्याबद्दल बोललो. नवीन साहेब कसे आहेत ते सांगितलं. पुण्याला बदली मागतोय म्हणालो. नाना हूं हूं करत ऐकत होते. मधे एकदा मी थांबलो. तेही थांबले, माझ्याकडे वळून बसले आणि वाट पाहत राहिले. मी म्हणालो, "यंदा कापूस बरा आहे म्हणतात." ते म्हणाले, "हाव, बरा हाय."

दुसरी गाडी आली. सायकल टपावर चढली. नाना खिडकीशी बसले आणि म्हणाले, "येतो बे पुणेकर." गाडी फाटकापाशी वळली तेव्हा त्यांनी मान बाहेर काढली, उजवा हात कपाळावर धरला आणि मागे माझ्याकडे पाहिलं. ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

मी हात वर केला. या खेपेला मी काही विचारलं नाही.